बाळंतिणीला झोप लागते का, हे कुणी विचारतच नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पत्र मोठं झालंय, कापायचं तर कापा पण झोपेबद्दल आणि बेडबद्दल जे लिहिलंय तेवढं कृपा करून ठेवा. आणि माझं नाव छापू नका. मला स्वतःला काही लपवायचं नाहीये पण लेकीला सासरी नांदायचंय, नातवाला पुढं शाळेत जायचंय, आणि आपल्याकडं अशा गोष्टी माणसाला किती वर्षं चिकटून राहतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

मी महापालिकेच्या शाळेत एकोणतीस वर्षं शिकवलं, आता रिटायर होऊन सिडकोत राहते. चार वर्षांपूर्वी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. डिलिव्हरी नॉर्मल, मुलगा, वजन छान, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. मग माझ्या आईनं माझं जसं केलं तसंच सगळं मी तिचं केलं, खाटेखाली शेगडी, ओवा आणि बाळंतशोपाची धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कानाला फडकं, पायात मोजे, थंड पाण्याला हात लावू दिला नाही. न्हायला घालायला कामटवाड्याहून एक मावशी यायच्या, बाळाला आणि तिला दोघांनाही मालिश करायच्या. कशात म्हणून कमी नव्हती.

चौथ्या रात्री ती झोपली नाही. आता बाळंतीण रात्रीची जागतेच, बाळ उठवतं, त्यामुळं मला काही वाटलं नाही, पण बाळ झोपलेलं असताना ही जागी होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. रात्री दोन वाजता माझं साड्यांचं कपाट आवरत बसलेली, नणंदेला फोन लावलेला, मैत्रिणींना लांबलचक मेसेज. मी म्हणलं अगं झोप की, तर म्हणाली, "आई झोप नकोच वाटतीये, इतकं हलकं वाटतंय ना मला, असं कधीच वाटलं नव्हतं." आणि खरं सांगते, मी खूश झाले. म्हणलं पोरगी किती टवटवीत आहे, माझ्या लाडवांनी अंगात ताकद आली.

पाचवीला आपण पाटा मांडून सटवाई पुजतो, कोरा कागद आणि पेन ठेवतो, ती रात्री येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून. सकाळी उठून बघते तर तो कागद दोन्ही बाजूंनी भरलेला, कडेकडेनं, उभं आडवं, अक्षर माझ्या लेकीचं. म्हणाली सटवाई बोलत होती ते मी उतरवून घेतलं. त्यातली काही वाक्यं अशी होती की मी इथं लिहू शकत नाही. त्या दिवसापासून ती म्हणायला लागली की हे बाळ माझं नाही, हॉस्पिटलात बदललंय. पाजायला घेईना, आणि घेतलं तर कुणाला हात लावू देईना. एकदा अगदी शांतपणे म्हणाली, "गंगा बोलावतीये, याला घेऊन मला गंगेवर जायचंय." नाशिकच्या माणसाला गंगेवर जायचंय म्हणलं की गोदावरीवरचं रामकुंड दिसतं, मला त्या क्षणी फक्त पाणी दिसलं.

तरी मी डॉक्टरकडं गेले नाही. हे मला लिहायला जड जातंय पण लिहायलाच पाहिजे. शेजारच्या काकू म्हणाल्या बाहेरचं झालंय, ओली बाळंतीण तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून गॅलरीत उभी होती, मी बघितलं होतं. माझ्या जाऊबाई म्हणाल्या वात डोक्यात गेला, कानाला नीट बांधलं नसशील. मी शिकलेली बाई, मुलांना विज्ञानाचं पुस्तक शिकवणारी, पण घरात आपलं लेकरू असं बोलायला लागलं की डोकं चालत नाही, जो जे सांगेल ते माणूस करतो. दिंडोरीकडं एका देवरुषाला नेलं, उतारा केला, अंगारा लावला, लिंबं ओवाळून टाकली. त्यानं मारलं-झोडलं नाही, साधा माणूस होता, पण ह्यात चार दिवस गेले. त्या चार दिवसांत सगळं मिळून ती पाच-सहा तास झोपली असेल.

डॉक्टरकडं जा असं सांगणारी कोण निघाली तर मालिशवाल्या मावशी. ज्यांच्याबद्दल आपण म्हणतो की ह्या जुन्या वळणाच्या, ह्यांना काय कळतं. दहाव्या दिवशी न्हाणीतून बाहेर येऊन मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, पोरगी झोपंना, अंगाला हात लावला की दचकती, एका जागी नजर ठरंना. माझ्या भावजयीचं असंच झालं होतं, आम्ही बाहेरचं बघत बसलो आणि ती विहिरीत गेली. तुम्ही मेंदूच्या डॉक्टरला दाखवा, आजच दाखवा." त्याच दुपारी आम्ही निघालो. त्या बाईंचे पाय धुऊन पाणी प्यावं असं मला आजही वाटतं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मानसिक आजार आहे असं लगेच म्हणलं नाही. आधी ताप, बीपी, रक्त, थायरॉईड, सोडियम आणि डोक्याचा स्कॅन केला, कारण बाळंतिणीला इन्फेक्शन अंगात पसरलं, किंवा मेंदूतल्या शिरेत रक्ताची गाठ झाली, तरी ती अशीच भ्रमिष्टासारखी बोलू शकते, आणि तो वेगळा जीवघेणा प्रकार. म्हणजे जो कुणी म्हणेल की आधी घरगुती बघू, दोन दिवसांनी दवाखान्यात नेऊ, त्यानं हे पण लक्षात घ्यावं. सगळं नॉर्मल आल्यावर त्या म्हणाल्या की हा पोस्टपार्टम सायकोसिस आहे, म्हणजे बाळंतपणानंतर भ्रम होऊन खऱ्या-खोट्याचं भान सुटतं तो आजार, ही इमर्जन्सी आहे, आजच ॲडमिट करावं लागेल, आणि ही पूर्ण बरी होईल. पूर्ण बरी होईल ह्या तीन शब्दांवर मी पुढचे कित्येक आठवडे काढले.

त्यांनी सांगितलेलं आणि नंतर मी स्वतः वाचलेलं थोडक्यात लिहिते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, उगाच हळवं होणं हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं, त्याला बेबी ब्लूज म्हणतात, दोन आठवड्यांत आपोआप जातं. त्याच्या पुढचं डिप्रेशन, ते महिनोन्महिने राहतं, आणि भारतातल्या अडतीस अभ्यासांची एकत्र बेरीज २०१७ साली प्रसिद्ध झाली त्यात ते प्रमाण २२ टक्के निघालं, म्हणजे पाचात एक. आणि माझ्या लेकीला झालं ते तिसरं, हजार बाळंतपणांमागं एक किंवा दोन, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत, कधी कधी दोन-तीन दिवसांत एकदम. बाळंत झाल्यावर शरीरातले हार्मोन धाडकन खाली येतात, त्यात झोप मोडते, आणि ज्यांची मुळात तशी प्रवृत्ती असते त्यांचं मन त्यात कोलमडतं. आधीपासून बायपोलरचा, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी अति उदासी असा, आजार असलेल्या बायकांत तर पाचात एकीला होऊ शकतं.

हजारात एक म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, मलाही वाटलं. मग बसून हिशोब केला. २०११ च्या जनगणनेत आपल्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांवर होती. हजारी पंधरा जन्म धरले तरी वर्षाला नव्वद हजार बाळंतपणं होतात. म्हणजे दर वर्षी नव्वद ते एकशे ऐंशी बायका, आठवड्याला दोन-तीन. आत्ता हे पत्र तुम्ही वाचताय तेव्हा सुरगाण्यात, पेठमध्ये, निफाडला, सातपूरला कुठं तरी एक जण जागी आहे आणि घरातले उतारा टाकायला निघालेत.

लेक बरी होत असताना मला एकच प्रश्न छळत होता, की हे आपल्याकडंच का, आपल्या अंधश्रद्धेमुळं का. भाचा मेडिकलला आहे, तो मला वाचायला पाठवत गेला आणि मी बघतच राहिले. पॅरिसच्या मार्से नावाच्या डॉक्टरांनी १८५८ साली गरोदर आणि बाळंतीण बायकांच्या वेडावर आख्खं पुस्तक लिहिलंय. नायजेरियातले योरुबा लोक ह्याला अबिसिविन म्हणतात. युगांडात गांडा लोकांकडं अमाकिरो म्हणून आजार सांगतात, त्यात आई आपल्याच बाळाला खाऊ बघते असं मानतात, आणि कारण काय तर म्हणे गरोदरपणी ती नवऱ्याशी प्रामाणिक राहिली नाही. हे वाचल्यावर मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. केस मोकळे सोडले, तिन्हीसांजेला बाहेर गेली, अमाकिरो झाला. आजार देशोदेशी तोच, आणि पहिला प्रश्न पण तोच, की हिनं काय केलं.

त्या अमाकिरोचा अभ्यास करणारे जॉन कॉक्स नावाचे इंग्रज मानसोपचार डॉक्टर होते. युगांडात बाळंतीण बायकांची दुखणी बघून आल्यावर पुढं त्यांनीच सहकाऱ्यांबरोबर दहा साध्या प्रश्नांची एक यादी केली, एडिनबरा स्केल, १९८७ ची, ती आज जगभर वापरतात. हसू येतं का, उगाच घाबरायला होतं का, रडू येतं का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, असे प्रश्न. कुणीही विचारू शकेल असे. ती डिप्रेशनसाठी आहे, माझ्या लेकीसारखी केस तिच्यात सापडेलच असं नाही हे डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम सांगितलं, कारण सायकोसिसवाली बाई पहिल्या दिवसांत सांगेल की मी एकदम मस्त आहे. माझीनं तेच सांगितलं होतं.

पुढं २००४ साली अकरा देशांतल्या पंधरा ठिकाणी आयांशी, घरच्यांशी, डॉक्टर-नर्सशी बोलून एक मोठा अभ्यास झाला. बाळंतपणानंतरचं गंभीर दुःख सगळीकडं लोकांना ओळखू येत होतं, पण हे दवाखान्यात दाखवायचं दुखणं आहे असं सगळीकडं वाटत नव्हतं. माझ्या मते सगळी मेख इथं आहे. आमच्या घरात कुणालाच असं वाटलं नाही की ही ठीक आहे. सगळ्यांना कळत होतं काहीतरी बिनसलंय. फक्त जायचं कुठं ह्याचं उत्तर प्रत्येकानं वेगळं दिलं आणि डॉक्टर हे उत्तर दहाव्या दिवशी आलं.

आणि बाळंतिणीला जपायची रीत पण आपली एकट्याची नाहीये. आपला सव्वा महिना तसा चीनमध्ये महिना पाळतात, बाईनं बाहेर पडायचं नाही, गारठ्यात जायचं नाही, गरम खायचं. जपानमध्ये आपल्यासारखीच माहेरी जायची पद्धत आहे. कोरियात तीन साते एकवीस दिवस, समुद्रातल्या शेवाळाचं सूप. मेक्सिकोत चाळीस दिवस, आणि आमच्या शाळेतल्या जुन्या नाशकातल्या मैत्रिणीकडं चिल्ला, तेही चाळीस. कुणी कुणाला शिकवायला गेलं नव्हतं, सगळ्या आयांना आपापलं कळलं होतं की ह्या दिवसांत बाई नाजूक असते, तिच्याभोवती माणसं पाहिजेत. म्हणून जी शिकलेली मंडळी म्हणतात की हे सगळं बंद करा, त्यांचं मला पटत नाही. बाळंतिणीच्या खोलीत धूर नको हे मान्य, डॉक्टर पण नको म्हणतात, पण माणसं हवीतच. डिप्रेशनवर तर ह्या आधाराचा खरंच उपयोग होतो. पाकिस्तानात खेड्यातल्या लेडी हेल्थ वर्कर्सना गरोदर आणि बाळंतीण बायकांशी कसं बोलायचं ते शिकवलं, २००८ साली त्याचा निकाल आला, आयांचं डिप्रेशन निम्म्याहून खाली आलं. तेच पुढं गोव्यात आणलं, तिथं गावातल्याच बायका दुसऱ्या बायकांकडं जायच्या, त्यांना सखी म्हणायचे. त्याच गोव्यात त्याआधी २००२ साली मानसोपचार डॉक्टर विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात २३ टक्के आया डिप्रेशनमध्ये सापडल्या होत्या, आणि नवऱ्याची मारहाण, गरिबी, मुलगा हवा असताना झालेली मुलगी ही कारणं पुढं आली होती. तिथं नुसते लाडू काय करणार.

सायकोसिस मात्र आधारानं थांबत नाही, त्याला औषधच लागतं. ज्या देशात चाळीस दिवस पाळतात तिथं आणि जिथं तिसऱ्या दिवशी बाई एकटी घरी असते तिथं, प्रमाण साधारण तेच हजारी एक-दोन. फरक एवढाच पडू शकतो की जिथं बाईभोवती माणसं आहेत तिथं कुणाच्या तरी लवकर लक्षात येईल. माझ्या घरात मी, माझे मिस्टर, जाऊबाई, मावशी अशी चार माणसं तिच्याभोवती होती. आम्ही तिचं दूध बघत होतो, टाके बघत होतो, ताप बघत होतो. झोप एकीनंच बघितली.

आता बेडचं. लेक अठरा दिवस ॲडमिट होती आणि बाळाला आत घेऊन जायची परवानगी नव्हती. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांनी तिला बरं केलं, मी त्यांची ऋणी आहे, सोय नव्हती हेच खरं. पण तिसऱ्या दिवशी औषधानं जरा भानावर आल्यावर ती छाती धरून रडत होती, दूध दाटलेलं, दगडासारखं, आणि विचारत होती माझं बाळ कुठंय, मी त्याला काही केलं का. घरी मी वाटी-चमच्यानं पावडरचं दूध पाजत होते आणि तोही रडत होता. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत, २००९ पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवणारा खास वॉर्ड आहे, भारतातला तसा पहिला. ब्रिटनमध्ये असे वीसेक आहेत. आणि आपल्याकडं तर कायदाच आहे हो, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, त्याच्या कलम २१ मध्ये लिहिलंय की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे वेगळं करू नये, आणि बाळाला आईकडून धोका वाटला म्हणून वेगळं करायची वेळ आलीच तर तेवढ्यापुरतंच. हे मला तेव्हा माहीत असतं तर मी निदान विचारलं तरी असतं.

राज्यातली सरकारी मनोरुग्णालयं म्हणलं की ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. पेठच्या पाड्यावरची बाई कसारा घाट उतरून दहा दिवसांचं बाळ घेऊन ठाण्याला जाणारे का. आपल्या सिव्हिलमध्ये, नाही तर महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये, प्रसूती वॉर्डाजवळ दोन खोल्या करा, दोनच, बाळाची खाट शेजारी, एक नर्स चोवीस तास, आणि आजीला बसायला खुर्ची. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे, सगळ्या राज्याचे डॉक्टर-नर्स ज्याच्या नावाची डिग्री घेतात, ते आपल्या गावात असताना नाशिकनं ह्यात पहिलं पाऊल टाकायला काय हरकत आहे.

आणि ज्याला एक रुपया लागत नाही ते आधी करा. आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ही घरी जाऊन बघायची पद्धत आपल्याच गडचिरोलीत, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली आणि देशभर गेली. तारखा बघा, तीन, सात, चौदा, ह्या आजाराचे नेमके तेच दिवस. त्यांच्या फॉर्ममध्ये आई असंबद्ध बोलते का, झटके येतात का असा रकाना पण आहे. पण बाई असंबद्ध बोलायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याच्या आधी फक्त झोप गेलेली असते. म्हणून त्या फॉर्मवर एक ओळ वाढवा, बाळ झोपलेलं असताना आईला झोप लागते का. आणि उत्तर सासूला किंवा आईला न विचारता बाळंतिणीला विचारा, आणि बाळंतिणीइतकंच तिला न्हायला घालणाऱ्या बाईला विचारा. ह्या मालिशवाल्या बायका शहरात गल्लोगल्ली आहेत, महिनाभर रोज तास-दीड तास बाळंतिणीच्या अंगाला त्यांचा हात असतो, इतका वेळ कुठल्या डॉक्टरला मिळतो. त्यांना एक दिवस बोलावून चार गोष्टी सांगितल्या, की झोप गेली, बडबड वाढली, संशय घ्यायला लागली, बाळाबद्दल विचित्र बोलायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना, आणि तोपर्यंत आई आणि बाळाला एकटं सोडायचं नाही, तर किती जीव वाचतील.

डिस्चार्ज कार्डाचं पण तेच. आमच्या कार्डावर बीसीजी, पोलिओच्या तारखा होत्या, टाक्यांची काळजी होती, लोहाच्या गोळ्या होत्या. मनाबद्दल एक अक्षर नव्हतं. आणि नऊ महिन्यांत एकदाही कुणी विचारलं नाही की घरात कुणाला मानसिक आजार होता का. शुगर विचारली, बीपी विचारलं.

विचारलं असतं तरी आम्ही खरं सांगितलं असतं का, हे मी स्वतःला विचारते. माझ्या मिस्टरांची एक आत्या होती, घरात तिला वेडी आत्या म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा ती म्हातारी होती, मागच्या पडवीत बसलेली असायची. लेकीच्या आजारपणात माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा सांगितलं की आत्या मुळात वेडी नव्हती, पहिलं बाळंतपण झालं आणि आठवड्याभरात ती भ्रमल्यासारखी झाली, सासरच्यांनी माहेरी आणून सोडली, बाळ ठेवून घेतलं, आणि पुन्हा न्यायला कुणी आलं नाही. चाळीस वर्षं. औषध तेव्हाही निघालेलं असेल, पण नेलं कुणी. आणि ही गोष्ट घरात सगळ्या मोठ्यांना माहीत होती पण मुलींची लग्नं अडतील म्हणून कुणी तोंडातून काढली नाही. लपवलं म्हणून माझ्या लेकीला धोका आहे हे कुणाला कळलं नाही. आणि आम्ही पुढं काय करत होतो, तर विहीणबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणलं अशक्तपणा आहे, ताप डोक्यात गेला. पुन्हा तेच. जावईबापूंनी मात्र त्यांच्या आईला सरळ सांगितलं, ही आजारी होती, औषध चालू आहे, मी तिच्याबरोबर आहे. तिकडून आधीचं लपवलं, फसवलं असले शब्द आले, वकिलापर्यंत भाषा गेली, पण ते हलले नाहीत. सगळ्या बायकांना असा नवरा मिळत नाही हे मला माहितीये.

तुम्हाला, म्हणजे पेपरवाल्यांना, एक विनंती. बाळाला घेऊन विहिरीत उडी, अशी बातमी आपल्या जिल्ह्यातून येते, खाली कौटुंबिक वादातून असं लिहिलेलं असतं, आणि आई वाचली आणि बाळ गेलं तर वर निर्दयी माता. छापायच्या आधी बातमीदारानं एवढंच विचारावं की बाळंतपणाला किती दिवस झाले होते आणि ती झोपत होती का. ब्रिटनमध्ये १९२२ सालापासून कायद्यानं मान्य केलंय की बाळंतपणानं मनाचा तोल गेलेल्या आईच्या हातून बाळाचा जीव गेला तर तो सरळ खून धरायचा नाही. आपल्याकडं तसा वेगळा कायदा नाही, पण हेडलाईन तरी आपल्या हातात आहे. आणि अशा बातमीच्या खाली टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर छापत जा, फुकट आहे, चोवीस तास असतो, मराठीत बोलता येतं. पण बाई भ्रमिष्टासारखी वागत असेल तर फोनवर थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

लेक सहा-सात महिन्यांत पूर्ण बरी झाली, मधे दोन महिने खूप उदास गेले, ते पण ह्या आजारात होतं म्हणतात. बँकेत परत रुजू झाली. त्या पाचवीच्या कागदाबद्दल तिनं एकदाच विचारलं, मी म्हणलं जपून ठेवलाय, तर म्हणाली राहू दे, कधीतरी वाचेन.

आता तिला परत दिवस गेलेत. एकदा झालेलं पुढच्या वेळी तीनात एकीला, काही डॉक्टर म्हणतात दोनात एकीला होऊ शकतं, त्यामुळं ह्या वेळी लपवाछपवी नाही. डिलिव्हरीच्या डॉक्टर आणि मनाच्या डॉक्टर एकमेकींशी बोलल्यात, कुठलं औषध कधी सुरू करायचं ते आधीच ठरलंय, आणि एक कागद फ्रीजवर लावलाय, विहीणबाईंकडं पण त्याची कॉपी आहे, त्यांनी स्वतः मागून घेतली. रात्री बारा ते सकाळी सहा बाळ माझ्याकडं, काढून ठेवलेलं दूध मी पाजणार, लेक झोपणार. दोन रात्री सलग झोप नाही लागली तर तिसऱ्या सकाळची वाट बघायची नाही. तारीख दिवाळीनंतरची आहे. मावशींना आत्ताच सांगून ठेवलंय, त्या महिन्यात दुसरं घर धरू नका म्हणून.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सिडको, नाशिक